मार्थामावशी, तू शिळी भाकर मागितलीस

मावशी, तुला माती देत होते तेव्हा मी आजोबांना मऊ भात भरवत होते. तुझ्या शीलानं अमरावतीहून व्हिडिओ कॉल लावला होता. फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. एका हातात चमचा, दुसऱ्या हातानं आजोबांची हनुवटी धरलेली. पाळकसाहेब काय वाचत होते ते वाऱ्यामुळे नीट ऐकू येत नव्हतं. माणसं एकेक करून वाकत होती, मूठ मोकळी करत होती, बाजूला होत होती. मग चित्र थांबलं. तुझा जावई अर्धा वाकलेला, हात पुढे, मूठ बंद, अन् तसाच थांबला. मी फोन हलवला, खिडकीपाशी नेला, काही झालं नाही. आजोबांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, माझी मावशी. ते अरेरे म्हणाले अन् त्यांनी तोंड उघडलं. मी घास दिला.

मला यायचं होतं, मावशी. ज्या एजन्सीनं मला पुण्याच्या या घरी आजोबांना सांभाळायला ठेवलंय तिला मी फोनवर फोन केले, पण बदलीची बाई मिळाली नाही. आजोबांना एकटं सोडता येत नाही. दार उघडं दिसलं की ते ऑफिसला निघतात, अन् त्यांचं ऑफिस कधीचंच सुटलंय. म्हणून दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात. कुलूप त्यांच्यासाठी आहे, पण आतल्या बाजूला मीही आहेच ना. तू एकदा फोनवर विचारलं होतंस, खिडकीतून काय दिसते. मी सांगितलं, दुसऱ्या लोकांच्या खिडक्या.

दुसऱ्या दिवशी शीलाचा परत फोन आला. म्हणाली, आईच्या आठवणीची सभा ठेवलीय, तू चार ओळी लिहून पाठव, मी वाचून दाखवते. अन् पुस्तकी लिहू नको म्हणाली, जशी बोलतेस तशी लिही. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला पुस्तकी कुठून येणार. मी कागद घेऊन बसले अन् तिथेच अडकले. तू मला कोण होतीस ते लिहायचं तर मी आता कोण आहे तेही लिहावं लागतं. सभेला परतवाड्याहून माणसं येतील, आमच्या अंजनगावची दोन घरं तर येतीलच. शीला तिकडे वाचेल अन् सांजच्या बसनं ती गोष्ट आमच्या गावात उतरेल. माझ्या मायला माहीत नाही, दादाला माहीत नाही, की त्यांची वंदा येशूजवळ प्रार्थना करते. आणि खोटं लिहून तुझ्या सभेत वाचायला द्यायचं, तेही माझ्यानं होत नाही. इतक्या वर्षांत तू मला एवढं एकच बिघडवलंस.

अकोल्याच्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी आया म्हणून लागले तेव्हा नवऱ्यानं सोडलेली बाई एवढीच माझी ओळख होती. तू तिथली सगळ्यात जुनी आया. तुझं नाव कोणालाच नीट घेता येत नव्हतं. सगळे मारताबाई म्हणत. गेटवरचा वॉचमन येणाऱ्या बायांना सांगायचा, नाव असं हाय, पण मारत नाई कोणाले. मी पहिल्या दिवशी तुला तुम्ही म्हटलं तर तू म्हणालीस, "मावशीले कोणी तुमी म्हणते का व?" तेव्हापासून तू.

तुझी सवय मला आधी विचित्र वाटायची. कुठल्याही बाईची चादर बदलून झाली की तू जरा थांबायचीस आणि विचारायचीस, तुमच्यासाठी मागू का काही? कोणाजवळ मागायचं ते त्यांनी विचारलं तर सांगायचीस, नाही विचारलं तर नाही. बाई हो म्हणाली तर तिथेच उभ्या उभ्या डोळे मिटून दोन वाक्यं. नको म्हणाली तर, बरं माय, म्हणून बादली उचलायचीस. नको म्हणणाऱ्या बाईला गरम पाणी आधी मिळायचं, हे मी पाहिलेलं आहे. मी तुला म्हटलंही होतं की हे उलटं आहे. तू म्हणालीस, तिले वाटाले नको का मी रागावली.

एसटीतही तेच. आपण अकोल्याहून अमरावतीला शीलाकडे जायचो तेव्हा मी खिडकीला डोकं लावून झोपेचं सोंग घ्यायची, कारण मूर्तिजापूर यायच्या आत तू शेजारच्या बाईच्या लेकाच्या लग्नापर्यंत पोचलेली असायचीस. एकदा कंडक्टरचा गाल सुजला होता. तू त्यालाही विचारलंस. तो म्हणाला, बाई, तुमी देवाले सांगा का आधी दाढ काढ, मंग पगार वाढव. सगळी बस हसली. तू हसलीस, अन् मग खरंच डोळे मिटून त्याच्या दाढेसाठी मागितलंस. त्यानं टोपी काढून हातात धरली होती, तिकिटाची मशीन काखेत. मला मात्र पूर्ण रस्ताभर वाटत होतं, आता कोणी उठेल, आता कोणी बोलेल.

बोललंच ना शेवटी एकदा कोणी. एका पेशंटच्या दिरानं मोठ्या मॅडमकडे तक्रार केली की तुमची आया बायांना बाटवते. मॅडमनं तुला केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर पोछा धरून उभी. आतून तुझा आवाज नेहमीसारखाच येत होता. तू म्हणालीस, आता मी कोणाले विचारत नाई. पण मले कोणी विचारलं तं मी नाई म्हणणार नाई, मॅडम, ते आताच सांगून ठेवते. मॅडम म्हणाल्या, जा, लेबर रूम धुवून घ्या.

त्यानंतर तू खरंच विचारणं बंद केलंस. आणि बायाच हाक मारायला लागल्या. मारताबाई, माह्यासाठी मागा व, उद्या सिझर हाय. तू पडदा ओढायचीस आणि मी पडद्याबाहेर पोछा घेऊन पहाऱ्याला. तू मला कधी उभं राहा म्हटलं नव्हतंस. मीच राहायची अन् मीच चिडायची. मी म्हटलं होतं, तू एक दिवस आपल्या दोघींनाही घालवशील. तू म्हणालीस, तुले भेव वाटते तं तू जाय, कपडे वाळत घाल. मी गेले. दोन चादरी वाळत घातल्या अन् परत येऊन उभी राहिले.

लोक सभेत साक्ष देतात तेव्हा तारीख सांगतात. अमक्या दिवशी मला प्रभू भेटला. माझ्याजवळ तारीख नाही. त्या पडद्याबाहेर उभं राहून राहून कधीतरी मी ऐकायला लागले, एवढंच. मला आठवतं ते हे, की एक दिवस मी तुझ्यावर रुसले होते. मी म्हटलं, सगळ्या दुनियेला विचारतेस, मागू का, मागू का. मला एकदाही विचारलं नाहीस. मी काय पाप केलं? तू माझ्या केसांना तेल लावत होतीस. तुझा हात थांबला. म्हणालीस, "रोज मागते व तुह्यासाठी. तुले विचाराची हिंमत नाई झाली. बाकीच्यांनी नाई म्हटलं तं मी बादली उचलते. तू नाई म्हटलं असतं तं मी काय उचललं असतं?"

मावशी, याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आता देऊन काय उपयोग, पण देते. मी नाही म्हटलं नसतं.

बाप्तिस्मा मी घेतला नाही, तेही तुझ्यामुळेच. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं तेव्हा तूच आडवी आलीस. म्हणालीस, हिच्या मायले आधी समजू द्या, मायपासून लपवून पाण्यात उतरायचं नाई. मला तेव्हा वाटलं तू माझी सुटका केलीस. नंतर कळलं की तू मला दारात आणून उभं केलंस.

तुझी अन् मायची पहिली भेट अकोल्यालाच झाली. मायचं पिशवीचं ऑपरेशन होतं. तुला विचारायची मनाई होती, म्हणून तू नुसती खाटेजवळ बसलीस. मायनंच विचारलं, वंदा सांगते तुमी मागता म्हणून, खरं काय? तू म्हणालीस, मागते अक्का, तुमी म्हणान तं. माय म्हणाली, मागा बाप्पा, कोणता देव जागा हाय ते काय मालूम. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. माय चांगली होऊन घरी गेली अन् गावात सगळ्यांना सांगत बसली की अकोल्यात माह्या पोरीले माहीपेक्षा चांगली माय भेटली. म्हणून तर तिनं तुला भादव्यात महालक्ष्म्यांच्या सणाला जेवायला बोलावलं.

तू नको म्हणत होतीस. दुसऱ्या कोणत्याही दिवशी येते म्हणालीस. मीच हट्ट केला. मला सुटी तेव्हाच होती अन् मला वाटलं, जेवायला तर जायचंय, त्यात काय. माझी चूक झाली असं मी म्हणत नाही. मला आमच्या घरचं माहीत होतं अन् तुझ्या घरचंही माहीत होतं, दोन्ही एकाच ताटात येतील हे तेवढं डोक्यात आलं नाही.

सकाळी आपण पोचलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. तू महालक्ष्म्यांसमोर उभी राहून साड्यांच्या निऱ्या पाहिल्यास अन् विचारलंस, कोणी नेसवल्या, लय सुंदर बसल्या. मायला केवढा आनंद झाला. मग तू पदर खोचून मागच्या अंगणात बसलीस अन् दुपारपर्यंत भांडी घासलीस. कोणी म्हटलं, पाहुण्या आहात, तर तू म्हणालीस, दवाखान्यात सवय हाय, हात गप बसत नाई. आमच्या घरी असं मानतात की महालक्ष्म्यांच्या दिवशी दारात आलेलं माणूस उपाशी परत गेलं तर ते वर्षभर घराला लागतं. भिकारी असो नाहीतर वैरी असो, त्या दिवशी जेवल्याशिवाय जात नाही. हे तुला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. वऱ्हाडातच जन्म गेला तुझा.

मायनं तुझं ताट स्वतः वाढलं. पुरणपोळी, आंबील, कढी, सोळा भाज्यांची भाजी. देवीपुढे ठेवून, हात जोडून, मग तुझ्यासमोर आणलं. तू ताटाकडे पाहिलंस अन् तूही हात जोडलेस. तुझं वाक्य मी विसरले नाही. "अक्का, राग नका मानू. हे देवीपुढून आलेलं ताट हाय, मले चालत नाई. घरात शिळी भाकर असली तं ते द्या, मिठासंग खाते."

माय म्हणाली, "महालक्ष्म्यांच्या दिवशी माह्या घरात शिळं नसते."

एवढंच. आवाज चढवला नाही तिनं. पण पंगत थांबली. आमची काकू पलीकडून म्हणाली, तुमचा देव आमच्या खाटेजवळ येऊन बसते ते चालते, अन् आमची देवी तुमच्या ताटात आली तं बाटते काय? दादा उठला, ताट उचललं, आत नेऊन ठेवलं. तू एक पेला पाणी मागितलंस, प्यायलीस, अन् पेला घासून पालथा घातलास. माय दारापर्यंतही आली नाही.

अंजनगावच्या स्टँडवर मी तुझ्याशी भांडले. माझ्या आयुष्यात मी इतकी कोणाशी भांडले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. मी म्हटलं, तिनं तुला तिच्या डोक्यावर हात ठेवू दिला, तू तिच्या हातचा घास घेतला नाहीस. तू म्हणालीस, हो. मी म्हटलं, मग हे कसलं सांगणं तुझ्या देवाबद्दल, की घ्यायचं आम्ही अन् द्यायचं तू? तू शेंगदाणेवाल्याच्या गाडीकडे पाहत होतीस. म्हणालीस, खोटी जेवली असती तं तिच्याच घरात तिले फसवलं असतं. मी म्हटलं, अन् आता? आता दुखवलं, तू म्हणालीस. मी विचारलं, दोन्हीतलं कोणतं बरं? तू म्हणालीस, मले नाई समजत व. अन् बस लागली. तुझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. मी शेंगदाणे घेतले नाहीत, रागात होते.

त्यानंतर मायनं तुझं नाव काढलं नाही. मी काढलं तर विषय बदलायची. मला वाटलं ते दार बंद झालं. अन् ज्या बाईनं एक ताट परत केलं तिला माझी माय घरात उभी करत नाही, तर ज्या पोरीनं देवच बदलला तिचं काय करेल, या भेवानं मी दर वर्षी महालक्ष्म्यांना जात राहिले अन् दर वर्षी ते ताट जेवत राहिले. गोड लागायचं, मावशी. तेच तर अवघड. मायच्या हातचं पुरण तोंडात विरघळायचं अन् मी मनात तुझ्या येशूला म्हणायची, तू पाहून घे. तू मला एकदाही विचारलं नाहीस की मी जेवते का. मी वाट पाहायची तू विचारशील म्हणून. विचारलं असतंस तर भांडता आलं असतं.

मग तू म्हातारपणाला शीलाकडे अमरावतीला गेलीस अन् मी इथे आले. इथे आल्यावर तुझी सवय मी एकदाच करून पाहिली. आजोबांना विचारलं, तुमच्यासाठी मागू का काही? ते म्हणाले, मागा, माझा चष्मा मागा. चष्मा नाकावरच होता. तुला फोनवर सांगितलं तर तू हसून हसून खोकायला लागलीस. पण पुढचं मी तुला सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये कॅमेरा आहे. त्यांचा मुलगा बंगळूरहून पाहतो. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला, चांगल्या शब्दांतच बोलला, की तुम्ही बाबांजवळ हात जोडून काय पुटपुटत होता? मी म्हटलं, श्लोक म्हणत होते. तेव्हापासून मी न्हाणीघरात नळ सोडून प्रार्थना करते. तिथे कॅमेरा नाही. पाणी वाया जातं म्हणून तेही दोन वाक्यांत.

आणि सकाळी देव्हाऱ्यात दिवा लावते. आजोबांचा नेम आहे, पण त्यांचा हात थरथरतो. त्यांचा हात माझ्या हातात धरून मी काडी लावते. हे मी तुला आपल्या शेवटच्या फोनवर विचारलं. मला वाटलं तू गप्प होशील. तू लगेच म्हणालीस, दिवा त्यांचा हाय, त्यांचा हात चालत नाई म्हणून तुहा हात. लाव. मी म्हटलं, मग दिवा चालतो अन् ताट चालत नाही, हे कसं? आता मात्र तू गप्प झालीस. खूप खोकलीस. मग म्हणालीस, "तोच प्रश्न घेऊन मी इतके वर्स हिंडून राहिली, वंदे. भेटलो का बोलू."

भेटलो नाही. आता मी कोणाला विचारू? पाळकसाहेबांना विचारलं तर ते वचन दाखवतील, अन् वचन तर मलाही माहीत आहे. मला तुझं उत्तर पाहिजे होतं. माझ्या मायचं ताट परत केलेल्या बाईचं.

तर असा कागद घेऊन मी बसले होते. शीलाला दोनदा सांगितलं, उद्या देते. शेवटी काल दुपारी आजोबा झोपल्यावर मी मायला फोन लावला. एवढंच ठरवलं होतं की तू गेल्याचं सांगायचं. बाकीचं जमलं तर.

तू गेल्याचं मी सांगितलं. मायनं पहिलं विचारलं, शेवटी जेवली होती का? मी म्हटलं, शीला सांगत होती, दोन चमचे पेज घेतली. माय म्हणाली, मीठ टाकलं होतं का त्यात? तिले मिठाशिवाय जात नव्हतं.

मी म्हटलं, तुला काय माहीत?

"माह्या घरी जेवली ना ते," माय म्हणाली.

मावशी, मी दाराला टेकून खाली बसले. मायनं सांगितलं ते असं. त्याच वर्षी, कापूस वेचणी चालू असताना, तू एकटी आली होतीस. माय अंगणात होती. तू फाटकातच उभी राहून म्हणालीस, अक्का, माहं एक जेवण बाकी हाय, आज देता काय? माय म्हणाली, आज कोणता सण नाई, भाकर अन् बेसन हाय. तू म्हणालीस, त्याच्यासाठीच आली. मायनं अजून रागच धरला होता. ताट आदळलंच म्हणाली समोर. तू पाटावर बसलीस अन् उगीच दोन घडी डोळे मिटलेस, ओठ न हलवता. मायनं विचारलं, काय करून राहिली? तू म्हणालीस, काही नाई. तर माय म्हणाली, "कराचं असन तं मोठ्यानं कर. माह्या घरात चोरून काही नाई कराचं."

मी विचारलं, मग काय मागितलं तिनं? माय म्हणाली, मले काय ध्यानात राहते. पाऊस नाई मागितला, कपाशी फुटली होती, पाण्यानं नासली असती, तेवढं तिले समजत होतं. तुहं नाव घेतलं. मंग दोन भाकरी खाल्ल्या, मीठ मागून घेतलं, अन् ताट घासून गेली.

मला कोणीच का सांगितलं नाही, मी विचारलं. तर मायनंच तुला मना केलं होतं म्हणे. पोरीले सांगू नको, ते म्हणन माय वाकली. अन् मायनं मला विचारलं, खरंच नाई सांगितलं तिनं? मी म्हटलं, कधीच नाही. माय म्हणाली, मंग बाई शब्दाची होती.

अंजनगावच्या त्या स्टँडवर मी तुला जे जे बोलले, त्यानंतर इतकी वर्षं जे टोमणे मारले, ते सगळे तू ऐकून घेतलेस. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. मी तुझी कृतज्ञ आहे म्हणावं तर तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. माझा राग येतोय, अन् तुझाही येतोय. अशी कशी ग तू.

आजोबा आत घोरत होते. किल्ली माझ्या मुठीत होती, कधी धरली कळलं नाही. मी म्हटलं, माय, मीही करते.

"काय करतं?"

प्रार्थना, मी म्हटलं. मार्थामावशीच्या देवाजवळ. लपून करते.

फोनमध्ये आमच्या शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मायनं विचारलं, कोणी काही देल्लं का तुले? नाही. भेव दाखवला? नाही. मंग काहून? मी किती वर्षं या प्रश्नाची तयारी केली होती, मावशी. तुझ्या सभेतल्या बायांसारखं नीट सांगायचं होतं. एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, मला सगळीकडे भीती वाटते, माय. तिथे कमी वाटते.

माय म्हणाली, तुह्या दादाले मी नाई सांगत. ते तुह्या तोंडानं सांगजो. मी हो म्हटलं. दादा काय करेल ते मला माहीत नाही. तुझं ताट त्यानं उचललं तेव्हाचा त्याचा चेहरा मला माहीत आहे.

महालक्ष्म्या आता तोंडावर आल्यात. मी विचारलं, येऊ का? माय म्हणाली, दोन दिवस आधी ये, पुरणाले हात लागतात. मी म्हटलं, अन् ताट? ती म्हणाली, "ताटाचं मंग पाहू." अन् फोन ठेवला.

आता शीलाला हा कागद पाठवते. चार ओळींच्या वर गेलाय, तिला वाटेल तेवढा वाचेल. खाली नाव लिहिते, गावासकट.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते, ती तुलाच सांगता येईल. आमच्या घरी कोणी कोणाला नुसतं ये म्हणत नाही. ये म्हटलं की त्याच्या पाठीला जेवाले हा शब्द लागलेलाच असतो. माझं लग्न मोडलं तेव्हासुद्धा मायचं पहिलं वाक्य तेच होतं, ये जेवाले. काल ती पुरणाले ये म्हणाली, जेवाले ये म्हणाली नाही. मी एजन्सीला सुटी मागितली आहे, अन् बदलीची बाई या वेळी मिळाली आहे.

वंदा
अंजनगाव सुर्जी